गगनबावड्याला बर्फ पडला तर

“पोरगी गाणारी दिसती.”

“कशावरनं?”

“पाठीला तंबोरा न्हाय का.”

“तंबोऱ्याला काळी ताडपत्री कोण गुंडाळतंय? कायतरी येगळंच हाय ते.”

रंकाळा स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर दोन म्हाताऱ्या एसटीची वाट बघत माझ्याविषयी बोलत होत्या आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. वळून “आज्जी, धनुष्य आहे,” एवढं सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण तिथं मिटला नसता हे मला माहीत होतं. धनुष्य कशाला, मारतीस कुणाला, घरचे काय म्हणत नाहीत का, आणि लग्न झालंय का, एवढं सगळं पुढं आलं असतं. मी चहा संपवला आणि गाणारी म्हणूनच तिथून निघाले.

माझी एक अडचण आहे. मला कुणी काही विचारलं की उत्तर आधी मनात इंग्रजीत तयार होतं, कारण शाळा तशी. मग मी त्याचं चांगलं मराठी करते, कारण त्याच शाळेत मराठीच्या बाई ‘हाय’ आणि ‘न्हाय’ ऐकलं की हसायच्या. मग ते एकदा तपासते. तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. तो गेलेला नसला तर वेळ वाचवायला मी “चालेल” म्हणते. हा शब्द तपासावा लागत नाही.

तर आम्ही शिकारीला निघालो होतो. शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, म्हणून आमची शिकार स्पंजची. रानात जागोजाग स्पंजचे प्राणी उभे करायचे, त्यांच्या अंगावर एक ठिपका काढायचा, आणि पाऊलवाटेनं फिरत प्रत्येकाला दोन बाण मारायचे. जगात याच्या मोठ्या स्पर्धा होतात. आमचे प्राणी कोल्हापुरातल्या एका गाद्या करणाऱ्यानं बनवले होते. गवा आणि डुक्कर त्याला छान जमले होते. मात्र आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी अमेरिकेतलं एक मोठ्या शिंगांचं हरीणही सांगितलं होतं. ते त्या बिचाऱ्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं बैल केला आणि डोक्यावर झाडाच्या दोन फांद्या बसवल्या.

अध्यक्ष म्हणजे उदयदादा. त्यांची फौंड्री आहे, आणि रिकाम्या वेळात ते अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघतात. त्या व्हिडिओंत कायम बर्फ असतो. गुडघाभर बर्फात दाढीवाले लोक सांगत असतात की धनुष्याची दोरी गोठू देऊ नका, बाणाच्या पिसांवर बर्फ साचू देऊ नका, गारठलेलं धनुष्य एकदम उबदार खोलीत नेऊ नका, त्याला आतून घाम फुटतो. गेल्या डिसेंबरपासून हे सगळं आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी येत होतं. त्याला कारणही होतं. येत्या हिवाळ्यात हिमाचलात बर्फातली एक स्पर्धा आहे आणि क्लब तिथं एकाला पाठवणार आहे. खर्च दादांचा. निवड कशी करायची, तर पावसाळ्यात गगनबावड्याला स्पर्धा घ्यायची आणि जो पहिला येईल त्यानं जायचं.

आमचे प्रशिक्षक माने सर भिडस्त माणूस. ते एकदा हळूच म्हणाले होते, “दादा, तिथं बर्फ नसतोय. पाऊस असतोय.”

“माने, बर्फ म्हणजे तरी काय हो?” दादा म्हणाले होते. “गोठलेला पाऊसच की!”

यावर माने सर “बघू” म्हणाले. ते नेहमी “बघू” म्हणतात. आमचं दोघांचं त्यामुळे बरं जमतं.

मला हिमाचलला जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला फार जायचं होतं. बर्फ बघायचा होता हे एक. आणि जिथं माझ्या वतीनं उत्तर द्यायला कुणी नसेल अशा ठिकाणी मी अजून एकदाही गेले नव्हते, हे दुसरं. घरात ठरलेलं होतं की निवड झाली तर जायचं, नाही झाली तर धनुष्य माळ्यावर आणि दिवाळीपासून मी दुकानात.

सामानाची गोष्ट

आमचं दुकान ताडपत्री आणि प्लास्टिक कागदाचं. पावसाळा हा आमचा हंगाम. मंगळवार पेठेत आमच्या घरी कुठलीही वस्तू उघडी नसते. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, गॅस सिलिंडरला अंगरखा, पाहुण्यांनी दिलेल्या फोटोफ्रेमला अजून मूळचा कागद. बाबांना धनुष्यातलं काही कळत नाही, पण गुंडाळण्यातलं कळतं. त्यांनी माझ्या धनुष्याला काळ्या ताडपत्रीची दुहेरी पिशवी शिवून घेतली, तोंडाला गुंडाळी आणि वर टोपी. आत बुटांच्या खोक्यांत मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. त्या त्यांनी वर्षानुवर्षं एका डब्यात जमवलेल्या होत्या. “कधीतरी लागतील म्हणून ठेवल्या होत्या,” असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरल्यासारखा झाला होता.

बाण मात्र माझ्या आजीच्या हातून पास व्हावे लागले. तिला आम्ही अव्वा म्हणतो. आम्ही जैन. अव्वानं माझं सामान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाणाच्या शेपटीकडं बोट दाखवून विचारलं, “पीस कुणाचं?”

“टर्कीचं.”

“कोण टर्की?”

“परदेशी कोंबडा असतो, अव्वा.”

“मग परदेशातच राहू दे त्याला. बोटाला काय बांधलंयस? कातडं? आणि दोरीला मेण कसलं, मधमाशीचं?”

अशा रीतीनं पिसं गेली, कातडं गेलं, मेण गेलं. पिसांच्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, दोरीला कारखान्यातलं मेण आलं आणि बोटांसाठी बाबांनी दुकानातल्या जाड रबरी कापडाचा तुकडा कापून दिला. क्लबमध्ये माझ्या बाणांना ‘प्लास्टिकची फुलं’ म्हणायचे. अस्सल शिकारी पिसंच वापरतो, असं दादांचं मत.

अव्वाचा शेवटचा प्रश्न जास्त अवघड होता. “मारणार कुणाला?”

“स्पंजच्या गव्याला.”

“पुराणात पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागलंय,” ती म्हणाली. “मग स्पंजाचा गवा कसा सुटंल?” शेवटी तिनंच तोड काढली. “असं कर. गव्याकडं बघूच नकोस. नुसत्या ठिपक्याकडं बघ. ठिपक्याला जीव नसतोय.”

हिमाचलची बातमी आल्यावर बाबांनी आणखी एक केलं. शेजारच्या आइस्क्रीमवाल्या काकांच्या फ्रीझरमध्ये त्यांनी माझे दोन बाण ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी काढून पट्ट्या वाकवून बघितल्या आणि समाधानानं मान हलवली. त्या बाणांना अजून पिस्त्याचा वास येतो.

असळजच्या अलीकडं

दोन जीप होत्या. धनुष्यांना हिसके बसू नयेत म्हणून ती सीटवर बसवायची आणि पट्टे लावायचे, असा दादांचा हुकूम होता. त्यामुळे माणसांना जागा कमी पडली. मी मागच्या कोपऱ्यात, माझं तंबोऱ्यासारखं सामान पायांमध्ये धरून, अंग चोरून बसले होते. तेवढ्यात दादा एक मोठा निळा डबा घेऊन आले.

“बाळ, हे जरा मांडीवर घेतीस का? खाली ठेवलं तर हिंदकळतंय.”

“काय आहे?”

“मटण. रातच्याला तांबडा-पांढरा करायचाय.”

शिकारीला निघताना मटण बाजारातून घेऊन निघणारे आम्ही जगातले पहिलेच शिकारी असू. डबा बर्फानं भरलेला होता. एवढ्या सगळ्या मोहिमेत बर्फ कुठं होता तर तो त्या डब्यात, माझ्या मांडीवर. श्रावण चालू. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण सोडाच, पालेभाजीही आत येत नाही. माझ्या मनात एक वाक्य तयार व्हायला लागलं. इंग्रजीत ते बऱ्यापैकी कडक होतं. त्याचं मराठी करेपर्यंत दादा म्हणाले, “चालंल न्हवं?”

“चालेल,” मी म्हणाले.

कळे गेलं, साळवण गेलं. भाताची खाचरं इतकी हिरवी होती की बघून डोळे निवत होते, आणि डबा इतका गार होता की माझे गुडघे बधीर झाले. असळजच्या अलीकडं रस्त्यावर पाणी आलं होतं. अस्सल शिकारी खाली उतरले आणि पाण्याकडं गंभीरपणे बघू लागले. दादांनी एक काठी बुडवून पाहिली. तेवढ्यात पलीकडून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालत आल्या आणि आमच्या मधून निघून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “चला की पावणं, घोट्याएवढंच हाय.” आम्ही निघालो. तोवर डब्यातून पाणी झिरपून माझी पँट ओली झाली होती. वर कोरडं धनुष्य, खाली मटणाचं पाणी.

आक्कांची चूल

गगनबावड्याला पोचलो तेव्हा गाव होतं की नाही हे सांगता येत नव्हतं. धुकं इतकं की समोरच्या दुकानाचं नुसतं नाव दिसत होतं, दुकान नाही. गाव न पाहिलेल्यांसाठी सांगते, तिथला पाऊस पडत नाही, तो उभा असतो. आपण त्याच्यातून चालायचं. भिंतीला शेवाळ, दोरीला वाळत घातलेल्या कपड्यांना शेवाळ. आमच्या घराच्या सवयीनं मी बघत होते की इथं लोक कशाला काय गुंडाळतात. कुणीच कशाला काही गुंडाळत नव्हतं. ओलं झालेलं वाळणारच नाही हे त्यांनी मान्य केलेलं होतं.

उतरण्याआधी दादांनी सगळ्यांना पोशाख वाटले. पायघोळ, टोपीचे, आणि पांढरेशुभ्र. बर्फात जनावराला आपण दिसू नये म्हणून अमेरिकेत असे घालतात. गगनबावड्याच्या हिरव्यागार डोंगरात आम्ही पांढऱ्या अंगरख्यांतले सगळे ओळीनं उतरलो. मला मिळालेला दादांच्या मापाचा होता. त्यात मी चालताना आत वेगळी चालत होते आणि अंगरखा वेगळा.

आम्ही ज्यांच्याकडं उतरणार होतो त्या आक्का दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला, आवाज पायरीपासून रस्त्यापर्यंत जाणारा. त्या आमच्याकडं बघून मागं वळून ओरडल्या, “अगं डाक्टर आलं! कॅम्प हाय जणू!”

“डॉक्टर न्हाय आक्का, शिकारी,” दादा म्हणाले.

“ह्या कापडात?” आक्का म्हणाल्या. “तुमाला बघून जनावर रत्नागिरीला जाईल की.”

तरी बातमी पसरली होती. आम्ही चहा घेतोय तोवर एक म्हातारबाबा येऊन दादांसमोर बसले आणि डोळ्याची पापणी खाली ओढून म्हणाले, “डावा बघा. पाणी येतंय.” दादांनी मान हलवून ‘मोतीबिंदू दिसतोय’ असं सांगितलं. त्यांना कुणी काहीही समजलं तरी नाही म्हणवत नाही, नाही म्हणणं त्यांना फक्त इतरांच्या बाबतीत जमतं.

सूर्य मावळायच्या आत मला जेवायचं होतं. सूर्य मुळात दिसतच नव्हता, त्यामुळे मी घड्याळ बघून आक्कांच्या स्वयंपाकघरात गेले आणि दारातच उभी राहिले. बोलायला वाक्य जुळवत होते.

“काय गं, मुकी हाईस का?” आक्का म्हणाल्या.

“मला आत्ताच जेवायला मिळेल का? कांदा-लसूण नको.”

“वांगं घालू?”

“नको.”

“बटाटा?”

“तोही नको.”

आक्कांनी हातातलं भाकरीचं पीठ तसंच धरून माझ्याकडं पाहिलं. “बटाटा बी मारत न्हाईस आन् शिकारीला आलीस?”

मग त्यांनी तांदळाची भाकरी, घट्ट वरण, दही आणि आमसुलाचं सार दिलं, आणि मी जेवत असताना समोर बसून राहिल्या. एवढं चवीचं सार मी आजवर प्यायले नव्हते. आमच्या घरी जेवण संपवून भांडी घासून झालेली असतात त्या वेळेला पडवीत तांबड्या रश्श्याची तयारी सुरू झाली. कांदा चिरण्यावरून दोन अस्सल शिकाऱ्यांचं भांडण लागलं.

याच वेळी ती गोष्ट घडली जिच्यामुळे पुढचं सगळं झालं. दादांचं धनुष्य लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून बनवलेलं, देखणं आणि महाग. त्याच्यावर दवासारखे थेंब आले होते. दादा घाबरले. रात्री थंडी वाढली आणि हे गोठलं तर?

“आक्का, उबदार जागा कुठली?”

“चुलीवरची फळी. फणसाची पोळी ठेवतो तिथं.”

गारठलेलं धनुष्य उबेत नेऊ नका, हे दादांनीच आम्हाला सात-आठ महिने शिकवलं होतं. माने सरांनी तोंड उघडलं. मीही उघडलं. माझ्या मनात ‘सर, चिकटवण’ इथपर्यंत वाक्य आलं होतं. सर “बघू” म्हणाले. धनुष्य फळीवर गेलं, आणि त्याच्या खाली तांबड्या रश्श्याचं पातेलं तासन् तास रटरटत राहिलं.

स्पंजचं रान

सकाळी दादांच्या धनुष्याची वरची पाती पिळवटलेली होती. उष्णतेनं थर सुटून ते आळस दिल्यासारखं एका बाजूला वळलं होतं. वासही चांगला येत होता, मसाल्याचा. दादांनी ते उचलून दोन्ही बाजूंनी बघितलं. मग ताठ होऊन म्हणाले, “बघितलंसा? एका रात्रीत थंडीनं काय केलं!”

आक्का फणसाची पोळी उलटत होत्या, त्यांच्या खांद्यांवरून त्या हसताहेत हे दिसत होतं. धनुष्य गेल्यामुळे दादा स्पर्धेतून बाद झाले आणि त्याच क्षणी पंच झाले.

माझ्या गटात पृथ्वी होता. पृथ्वी दादांचा पुतण्या, क्लबमधला सगळ्यात चांगला तिरंदाज, निदान कोरड्या हवेत. स्वभावानं सरळ. रात्री रस्सा वाढताना माझ्या खोलीचं दार त्यानंच लोटून घेतलं होतं, वास आत जायला नको म्हणून. त्याच्या बाणांना लांब, करड्या रंगाची देखणी पिसं होती. पिसं ओली होऊ नयेत म्हणून व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्यानं त्यांना बाळाची पावडर चोळली होती. गगनबावड्याच्या पावसात त्या पावडरीचा पाच मिनिटांत चिखल झाला. पिसं बाणाला अशी चिकटली, जसे तेल लावलेले केस डोक्याला चिकटतात. असा बाण सरळ जात नाही. तो शेपूट हलवत, विचार करत जातो.

प्राणी आदल्या दिवशीच टेंपोनं येऊन रानात उभे होते. पहिला प्राणी डुक्कर. रात्रभर पाणी पिऊन तो फुगून म्हैस झाला होता. पृथ्वीचा बाण त्याच्या पलीकडच्या झुडपात गेला. इतरांचेही तसेच. कुणाचं बोटाला बांधलेलं कातडं भिजून दोरीला चिकटत होतं, कुणी दोरीचं पाणी पुसायला पांढरा अंगरखा वापरत होतं आणि तो आधीच भिजलेला होता.

मी पिशवीची टोपी काढली. आत कोरडं होतं. बाबांचं दुकान आत होतं, वासासकट. मी दोरीवरून बोट फिरवलं, बाण लावला, आणि डुकराकडं पाहिलं नाही. ठिपक्याकडं पाहिलं.

‘थप्’ असा आवाज आला. स्पंजमधून पाणी उडालं.

असं सकाळभर चाललं. फांद्यांच्या बैलाला मी दोन्ही बाण ठिपक्यात मारले. त्याच्याकडं न बघणं सोपं होतं, बघितलं असतं तर हसू आलं असतं. पृथ्वी एकदा पुटपुटला, “अव्वांना माझ्याकडचं पण सामान बघायला सांग.” तेवढ्यापुरतं मी हसले.

मग आम्ही गव्यापाशी आलो. वाट उताराची, धुकं दाट. पुढं काळा आकार उभा होता, मान खाली घातलेला. पृथ्वीनं बाण लावला. दादा माझ्या मागं उभे होते. मी सवयीनं ठिपका शोधला. ठिपका नव्हता. मी कडेकडेनं नजर फिरवली, आणि त्या आकाराचा कान हलला.

मनात ‘दॅट्स नॉट’ एवढं आलं आणि तिथंच राहिलं. पृथ्वीची दोरी हनुवटीपर्यंत आली होती. मी त्याच्या अंगरख्याची बाही धरून जोरात ओढली. दोरी सैल झाली, बाण चिखलात पडला. गव्यानं मान वर केली. पाच-सहा पांढऱ्या आकृत्यांकडं त्यानं शांतपणे बघितलं. आमच्यात शिकार कुणाची, याचा त्याला एकट्यालाच अंदाज आला असावा. मग तो झाडीत शिरला, आणि त्याच्या मागं, वीस पावलांवर, स्पंजचा गवा उभा दिसला, ठिपक्यासकट.

मी मागं पाहिलं तर दादा नव्हते. ते एका झाडामागं होते, आणि पांढऱ्या अंगरख्यामुळे फार छान दिसत होते.

शाल, नारळ

दुपारी आक्कांच्या पत्र्याच्या शेडमध्ये निकाल होता. वर पाऊस वाजत होता म्हणून सगळे मोठ्यानं बोलत होते. माने सरांनी गुण मोजून कागद दादांकडं दिला. मी पहिली होते. दुसऱ्यात आणि माझ्यात इतकं अंतर होतं की पृथ्वीनं कागद न बघताच माझ्याकडं वळून अंगठा दाखवला. त्या क्षणी मला बर्फ दिसला. खरोखरचा, डब्याबाहेरचा.

दादा उभे राहिले. आधी त्यांनी गव्याची गोष्ट सांगितली. तिच्यात गवा त्यांना सगळ्यांच्या आधी दिसला होता. मग माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

“आपल्या सुरभीचं कौतुक करावं तेवढं थोडं,” ते म्हणाले. “पण शिकाऱ्यानं खरं बोललं पाहिजे. आजचं यश हे सामानाचं हाय. ती पिशवी, ते प्लास्टिकचं बाण. अमेरिकेत सुद्धा असं सामान न्हाय. मी सगळ्यांचं सामान बघितलं, आणि सकाळपासनं विचार करतोय.”

टाळ्या पडल्या. मला कळेना की त्या कशाला पडल्या.

“आता बघा, हिमाचल. कडक थंडी. लहान पोरगी, एकटी. चार शब्द बोलत न्हाय. जेवणाचे हाल, बटाटा सुद्धा खात न्हाय. तिला तिथं पाठवणं म्हणजे मला रात्री झोप न्हाय लागायची. म्हणून मी असं ठरवलंय की पृथ्वी जाईल, आणि सुरभीचं बाण आणि ती पिशवी घेऊन जाईल. सामान तिचं, म्हणजे सुरभीच गेल्यासारखी! आँ?”

पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा कमी. पृथ्वी बुटांकडं बघत होता. माने सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. “बघू” असं म्हणायला त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. आक्का दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्या दादांकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या.

दादा हसत हसत जवळ आले. माझ्या पायाशी भिंतीला टेकवलेल्या ताडपत्रीच्या पिशवीला त्यांनी हात घातला.

“चालंल न्हवं, बाळ?”

मी इंग्रजी वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. शाळेतलं मराठीही आलं नाही. नारळ मी आक्कांच्या हातात दिला, पिशवीचा पट्टा दादांच्या बोटांतून सोडवून घेतला, आणि पत्र्यावरच्या पावसाच्या वर जाईल अशा आवाजात, आमच्या दुकानात बोलतात तशी बोलले:

“न्हाय चालायचं, दादा. तुमचं मटण मी मांडीवरनं आणलं, तेवढं बास झालं. हे बाण बर्फात गेलं, तर माझ्याच पाठीवरनं जातील.”